10 बाय 10 ची खोली, गाणं आणि रेकॉर्डिंग : लाकडी फरशी घालू का?

काळी_एक (शनिवार, रात्री 10.20)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर आमची इमारत, तिसरा मजला. खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर 10 बाय 10 फूट, उंची साडेनऊ. मी हौशी गाणारा, पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा सा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले चार दिवस ऑनलाइन शिकवतो. मुलं परदेशात असतात, त्यामुळे पलटे आणि बंदिशी रेकॉर्ड करून पाठवाव्या लागतात. रविवारी भाचा तबला घेऊन येतो. याला 'स्टुडिओ' म्हणणं म्हणजे टपरीला रेस्टॉरंट म्हणण्यासारखं आहे, पण घरात आता सगळे तोच शब्द वापरतात, थट्टेने का होईना.

खाली दोन बाय दोनच्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. भिंतींना नेहमीचा गिलावा आणि रंग. एक अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी, एक लोखंडी कपाट. खोलीच्या मधोमध, पंख्याच्या खाली सतरंजी अंथरून मी बसतो. एका बाजूला मिरजेचा तानपुरा, समोर माइक, लॅपटॉप एका छोट्या लोखंडी टेबलावर.

तक्रारी दोन.

पहिली, रेकॉर्डिंग ऐकलं की विहिरीत बसून गायल्यासारखं वाटतं. एवढं समजू शकतो, रिकाम्या खोलीत तसं होणारच. पण परवा दरबारी राग रेकॉर्ड करताना वेगळंच झालं. मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, कोमल धैवतावर गेलो की सूर एकदम फुगतो. खालचा पंचम ठीक, वरचा निषाद ठीक, मधला धैवत मात्र पिंपात तोंड घालून लावल्यासारखा. त्यात तो आंदोलित, म्हणजे सावकाश झुलवत लावायचा, त्यामुळे आंदोलनाबरोबर फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो. एका विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे विचारलं, "सर, या रागात धैवतावर असा जोर द्यायचा असतो का?" काय उत्तर देणार?

दुसरी तक्रार खालच्या काकूंची. भाच्याचा तबला त्यांच्या डोक्यात जातो असं त्या जिन्यात भेटल्या की सुचवतात. थेट म्हणत नाहीत, पण "रविवारी जरा पडावंसं वाटतं हो" एवढं म्हणतात.

इंटिरिअरवाल्या एका दुकानदाराला बोलावलं. पाच मिनिटं टाळ्या वाजवून पाहिल्या आणि यादी दिली : 8 मिलिमीटरची लॅमिनेट लाकडी फरशी, चारही भिंतींना आणि छताला 1 इंची पिरॅमिड फोम. सगळं मिळून 1 लाख 18 हजार. "साउंडप्रूफ होऊन जाईल, काका." मुलगा फोनवर म्हणतो लॅमिनेट नको, एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांची फरशी) घाला. बायको म्हणते जाड गालिचा टाका, हजारांत भागेल. माझं मन लाकडाकडे ओढतं, कारण लाकूड म्हणजे सूर, असं आपलं कुठेतरी बसलेलं आहे.

फरशी कुठली घ्यावी? आणि दुकानदाराचं बाकीचं खरं किती?

गिटारवाला_निगडी (शनिवार, रात्री 11.05)

काका, अंड्याचे ट्रे. आमच्या कॉलेजच्या बँडने संपूर्ण गॅरेजला लावले होते. खर्च शून्य.

कानसेन (रविवार, सकाळी 7.50)

निगडीकर, त्या गॅरेजमध्ये पाली किती झाल्या तेही सांगा. पुठ्ठ्याचा पातळ ट्रे वरचे थोडे स्वर विस्कटतो, बाकी काही शोषत नाही आणि अडवत तर काहीच नाही.

काळी_एक साहेब, वीस-बावीस वर्षं मुंबईत रेकॉर्डिंगच्या खोल्यांमध्ये काढली आहेत, त्या जोरावर सांगतो. तुम्ही फरशीपासून सुरुवात केलीत, पण तुमच्या खोलीत सगळ्यात निर्दोष वस्तू फरशीच आहे. तिला शेवटी हात लावा. बहुधा लावावा लागणारच नाही.

आधी धैवत, कारण तो फार मजेशीर आहे. आवाज सेकंदाला साधारण 1130 फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 10 फूट अंतर असेल तर जाऊन-येऊन 20, म्हणून 1130 भागिले 20, म्हणजे साडेछप्पन्न हर्ट्झचा (सेकंदाला तेवढ्या कंपनांचा) सूर त्या दोन भिंतींत नेमका मावतो आणि घुमतो. त्याची दुप्पटही मावते : 113 हर्ट्झ. आता तुमची काळी एक. मध्य सप्तकातला सा साधारण 138.6 हर्ट्झ. मंद्र कोमल धैवत त्याच्या आठ दशांश, म्हणजे 111 च्या आसपास. दरबारीत तो आंदोलित, म्हणजे घुमणाऱ्या जागेच्या जवळ जातो आणि परत फिरतो. तुमचा पंचम 104 वर आणि निषाद 124 च्या आसपास, म्हणून ते दोघं सुटतात. गळ्याचा दोष नाही. ती खोली गातेय.

आणि ती जास्तच गातेय, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही 10 फूट. एका जोडीने फुगवलेला सूर दुसरी जोडीही फुगवते. त्यात छत साडेनऊ फुटांवर, त्याचा आकडा 119. तिघंही एकाच सुराभोवती गोळा झालेत. चौरस खोली गाण्यासाठी वाईट म्हणतात ती यामुळे. 10 बाय 13 असती तर हा त्रास तीन-चार सुरांत वाटला गेला असता आणि कुणाच्या लक्षातही आला नसता.

वर तुम्ही बसता कुठे, तर बरोबर मधोमध. 113 हर्ट्झचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक असतो आणि खोलीच्या मध्यातही. लांबीचाही मध्य, रुंदीचाही मध्य. फुगवट्याच्या शिखरावर आसन मांडलंय तुम्ही, आणि माइकही तिथेच.

म्हणून पहिला उपाय फुकटचा : उठा आणि सरका. भिंतीपासून अडीच फुटांवर हा फुगवटा जवळजवळ नाहीसा होतो, पण इतक्या जवळ बसलात तर भिंतीवरचा पहिला पडसादच माइकमध्ये शिरेल. दोन्ही दिशांनी साडेतीन-चार फूट अंतर ठेवा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. पेटीवर मंद्र सप्तकातली पांढरी सहा दाबून भाता चालू ठेवायला घरातल्या कुणाला तरी सांगा आणि खोलीत हळूहळू फिरा. ही पांढरी सहा म्हणजेच तुमचा कोमल धैवत. कुठे फुगतो, कुठे मावळतो, कानांना कळेल. मापायचंच असेल तर रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पण तुमच्या पिढीला पेटी बरी.

माइक तोंडापासून किती लांब? एका दिशेने ऐकणारा माइक तोंडाजवळ आला की खर्ज आपोआप वाढवतो. वीतभर अंतरावर असेल तर हातभर करा.

आता फोम. 1 इंची फोम वरच्या पट्टीतलं तेवढं खातो : टाळीची किणकिण, 'स' आणि 'श', तानपुऱ्याची झार (तारांची झणझण). तुमच्या 113 हर्ट्झच्या लाटेची लांबी 10 फूट आहे. 10 फुटांची लाट 1 इंचाच्या स्पंजला दाद देईल का? चारही भिंतींना लावलात तर वरचं सगळं मरेल आणि खालचा फुगवटा तस्साच राहील. म्हणजे आज विहिरीत गाताय, उद्या पांघरुणाखाली गाल, आणि धैवत पिंपातला तो पिंपातलाच.

आणि एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. स्वस्त पॉलियुरेथिन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला 2003 साली एका क्लबमध्ये असाच भिंतीवरचा फोम आतषबाजीने पेटला आणि 100 माणसं गेली. 2013 साली ब्राझीलमध्ये सांता मारियाला तेच, 242 माणसं. तुम्ही क्लब चालवत नाही, मान्य. पण गाण्याच्या खोलीत सरस्वतीचा फोटो असतो, फोटोसमोर निरांजन आणि उदबत्ती असते. ज्या खोलीत ज्योत लागते तिथे फोम नको.

'साउंडप्रूफ' या शब्दाबद्दल तर त्या दुकानदाराला खोलीबाहेर उभं करा. आवाज शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं. शोषायला मऊ, जाड, हवा आत जाऊ देणारं काहीतरी लागतं. अडवायला वजन लागतं आणि फट नसावी लागते. फोमला ना वजन, ना त्याने फट बुजते.

जाड शोषक हवा. रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे, 2 इंची स्लॅब मिळतात, साधारण 4 बाय 2 फुटांचे. 48 किंवा 64 घनतेचे (घनमीटरला किलो) मागा. दोन स्लॅब एकावर एक, लाकडी पट्टीच्या चौकटीत, वरून कापड, आणि भिंतीपासून तीन-चार इंच पुढे टांगायचे. मागे मोकळी हवा राहिली की तोच स्लॅब आणखी खालचे सूर खातो. कोपऱ्यांत तिरके उभे केलेत तर उत्तम, कारण खर्जाला कोपरे आवडतात. कापड घेताना तोंड लावून फुंकर मारून बघा. हवा आरपार गेली पाहिजे. मांजरपाट चालतो, खादी चालते, रेक्झिन अजिबात नाही. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल.

खालचा_मजला (रविवार, दुपारी 1.15)

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. ठाण्यात आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एक मुलगा तबला शिकतो. आता सहावं वर्ष. विशारदला माझाही अर्धा अभ्यास झाला असेल.

वर बसून तुम्हाला कळत नाही ते सांगतो. खाली गाणं जवळजवळ येत नाही. तबल्याची 'ना' आणि 'तीं' येत नाही. येतो तो फक्त डग्गा, तोही सूर नसलेला. स्लॅबमधून धप्, धप्, धप्. एखाद्या ठेक्याचं मांस काढून नुसता सांगाडा खाली सोडल्यासारखा. तालाच्या 'खाली'त डग्गा थांबतो तेव्हा आम्ही पण श्वास रोखतो. हे हवेतून येत नाही, फरशीतून येतं. त्यामुळे भिंतींना सोनं लावलंत तरी आम्हाला उपयोग नाही.

कायद्याचं बोलायचं तर ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. पहाटेचे साडेपाच म्हणजे कायद्याने रात्रच, हे रियाजवाल्यांनी लक्षात घ्यावं. पण कायद्याआधी एक करा. भाच्याला वर वाजवायला बसवा आणि तुम्ही काकूंच्या घरी जाऊन चहा प्या. आमच्याकडे वरचे असे एकदा आले, तेव्हापासून डग्ग्याखाली काहीतरी घालू लागले.

काळी_एक (रविवार, रात्री 9.30)

कानसेन, पेटीचा प्रयोग केला. बायको भाता मारत होती, मी डोळे मिटून फिरत होतो, आणि त्याच वेळी दूधवाला बिल घ्यायला आला. त्याने काय समज करून घेतला कुणास ठाऊक. पण खरंच! पंख्याखाली सूर डोक्यात घुमतो, दोन-अडीच फूट सरकलं की पातळ होतो, आणि भिंतीला कान लावला की परत दणदणीत. मी या खोलीत आठ महिने गातोय.

आता बैठक खिडकीकडच्या भागात हलवली, दोन्ही भिंतींपासून साधारण पावणेचार फूट. फरक आहे. धैवत अजून थोडा जाड वाटतो, पण पिंप गेलं.

तीन शंका. रॉकवूलच्या अशा चौकटी, म्हणजे पॅनल, किती लागतील? लाकडी फरशीचं काय, म्हणजे ती कामाचीच नाही का? आणि तबल्याखाली नक्की काय घालू? भाचा म्हणतो चुंबळ (डग्ग्याखालची कापडी कडी) असतेच की.

रंधा (सोमवार, सकाळी 6.40)

मी सुतारकाम आणि फरशीची कामं घेतो, पुण्यातच. धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण लॅमिनेट घालू नका.

आवाजाच्या हिशेबात टाइल आणि लॅमिनेट सख्खे भाऊ. दोन्ही कडक, दोन्ही गुळगुळीत, दोन्ही आवाज परत फेकतात. लॅमिनेटच्या वर लाकडाचा नुसता फोटो असतो, पोटात दाबलेला भुसा. तुमच्या मनातलं 'लाकूड म्हणजे सूर' ते तानपुऱ्यात असतं, यात नाही. वर ते दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ फोमवर तरंगतं, त्यामुळे चालताना पोकळ डबडब वाजतं. माइक समोर असताना मांडी बदललीत तरी ऐकू येईल.

दुसरं म्हणजे आपल्याकडे फरशी ओल्या फडक्याने रोज पुसतात. कामवाल्या मावशींना "हे पिळून पुसा" किती दिवस सांगणार? सांध्यात पाणी गेलं की कडा फुगतात आणि त्या परत बसत नाहीत. पावसाळ्यात खिडकीतून आलेलं पाणी वेगळंच.

तिसरं कुणी सांगत नाही. फोम धरून फरशी 10-11 मिलिमीटर वर येते. मग दार अडकतं, ते खालून रंधून काढावं लागतं. इतके पैसे घालून दाराखाली परत फट. तुमच्या दाराखाली आत्ताच अर्धा इंच फट असेल, आधी तिला रबरी पट्टी लावा. आवाज पाण्यासारखा असतो, जिथून वाट तिथून बाहेर.

एसपीसी पाण्याला घाबरत नाही, वाळवी लागत नाही, एवढे गुण आहेत. आवाजाला त्याचा टाइलपेक्षा वेगळा उपयोग नाही. खरं सागवान किंवा इंजिनिअर्ड लाकूड छान दिसतं. दिसण्यासाठी घालायचं असेल तर जरूर घाला, पण मग खर्च 'स्टुडिओ'च्या खात्यात लिहू नका, 'हौस' म्हणून लिहा.

एका गिऱ्हाइकाला कुणीतरी खोलीभर तीन इंच वाळू पसरून वर प्लाय ठोकायला सांगितलं होतं. तसं चुकूनही करू नका. तीन इंच वाळू म्हणजे चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास. घराचा स्लॅब साधारण 200 किलोच्या हिशेबाने धरलेला असतो. वर कपाट, माणसं, पुस्तकं उरतातच.

तबल्यासाठी पूर्ण फरशी बदलायची गरजच नाही. तबलजी बसतो तेवढीच जागा स्लॅबपासून सोडवा. मी असे पाट करून दिलेत : साडेतीन बाय तीन फूट, 18 मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांवर चिकटवून स्क्रूने आवळलेले. त्याच मापाचा तिसरा प्लाय खाली जमिनीवर, त्याला 50 मिलिमीटरची सोळा भोकं. प्रत्येक भोकात एक टेनिस बॉल बसतो. वरचा जोडप्लाय त्या बॉलांवर ठेवायचा, खालून भोकं पाडून नाही तर नुसत्या कडेच्या पट्ट्या मारून, म्हणजे घसरत नाही. बॉल जुने चालतात, कॉलनीतल्या पोरांकडून घ्या. पाट भिंतीला किंवा कपाटाला टेकला की सगळी मेहनत वाया, चारही बाजूंनी दोन बोटं मोकळी ठेवा. पहिले दोन दिवस होडीत बसल्यासारखं वाटतं, मग सवय होते.

चुंबळ डग्ग्याला तोल देते, थोडा हादराही खाते. पण तबलजीचा हात, गुडघे, सगळंच फरशीवर असतं.

परदेशी_पट्टी (सोमवार, रात्री 8.10)

न्यू जर्सीहून. वहिनींनी सुचवलेल्या गालिच्याबद्दल एक अनुभव. आमच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. पहिल्यांदा तानपुरा लावला तेव्हा वाटलं, प्रवासात जवारी (घोडीवर तारांची नेमकी बैठक) बिघडली. दोन वेळा तारेखालचा दोरा सरकवला, तरी झार निघेना. मग तोच तानपुरा स्वयंपाकघरात नेला, जिथे टाइल्स आहेत, आणि तिथे तो बोलला! कार्पेट वरचं सगळं पिऊन टाकत होतं. शेवटी बसायच्या जागी एक प्लायचा तक्ता टाकला, त्यावर पातळ सतरंजी. आता ठीक.

तुमच्याकडे कडक फरशी आयती आहे. ती झाकू नका.

कानसेन (सोमवार, रात्री 10.45)

परदेशी_पट्टी यांनी माझं काम हलकं केलं. कडक फरशी आणि मऊ छत, गाण्याला हे बरं पडतं. माणूस जन्मभर पायाखाली कडक जमीन ऐकत आलेला असतो. रंधा यांच्या पाटाबद्दलही काही बोलायला नको.

पॅनल किती ते हिशेबाने सांगतो, आणि हिशेब सांगताना एका भल्या माणसाची आठवण काढतो. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात बोललेलं कुणाला कळेना. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते काम दिलं. तो शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, रात्री शहर शांत झालं की ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि सूर विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. पहाटे गाद्या परत. त्यातून निघालेलं सूत्र आजही सगळे वापरतात. म्हणजे या शास्त्राची पहिली वस्तू फोम नाही, गादी आहे. आपल्याला लाजायचं कारण नाही.

तुमची खोली 950 घनफूट. ते 0.049 ने गुणा आणि किती सेकंदांत आवाज विरायला हवा त्याने भागा. गाण्याला 0.4 सेकंद धरू. उत्तर 116 : इतके चौरस फूट पूर्ण शोषणारा पृष्ठभाग हवा. भिंती, फरशी, कपाट आणि तुम्ही स्वतः मिळून पंचवीस-तीस असतील. उरले नव्वद-एक. छोट्या खोलीत हे सूत्र ढोबळच चालतं, खर्जात तर फारच ढोबळ, पण अंदाज येतो. 4 बाय 2 चं एक पॅनल म्हणजे 8 चौरस फूट. दहा-अकरा पॅनल झाली.

पण घरात गाद्या आहेत का? मुलाच्या पलंगावरची? पिंजाऱ्याने भरलेली जुनी कापसाची गादी, चांगली चार इंची, गुंडाळून कोपऱ्यात उभी केली की बऱ्यापैकी काम करते. अशा दोन ठेवल्यात तर सहा पॅनलवर भागेल : एक-एक गाताना तोंडासमोरच्या आणि पाठीमागच्या भिंतीवर, दोन दोन्ही बाजूंना, दोन छताला डोक्यावर पंख्याला चुकवून. गादीला अधूनमधून ऊन दाखवा, बुरशी आणि ढेकूण गाण्याला पोषक नाहीत. आणि कापूसही पेटतो, तेव्हा निरांजन समोरच्या टोकाला.

सहाही एकदम करू नका. दोन करा, ऐका, मग पुढची.

काळी_एक (पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री 9.00)

मंडळी, हिशेब द्यायला आलो.

पॅनल चार झाली. सुतार मिळाला, पण रॉकवूल पाहून "हे मी नाही धरणार" म्हणाला, म्हणून चौकटी त्याने केल्या आणि भरणं मी. हातमोजे घातले, मास्क घातला, पण अर्ध्या बाह्यांचा सदरा घालायची चूक केली. पुढे सांगत नाही. वर मांजरपाट, बायकोने शिवून दिला. पहिलं पॅनल लावलं तेव्हा काहीच कळलं नाही आणि मी मनातल्या मनात कानसेनांना दोन शब्द बोललो. तिसरं लागल्यावर मात्र टाळी वाजवली आणि भिंतींमधली ती फडफड नाहीशी झालेली. माळ्यावरच्या दोन गाद्या खिडकीकडच्या कोपऱ्यात आणि दारामागे उभ्या आहेत, जुन्या नऊवारीत गुंडाळून. दुरून दोन जाड पाहुण्या भिंतीला टेकून ऐकताहेत असं वाटतं. पहिले काही दिवस संध्याकाळी दिवा लावताना दचकायला व्हायचं.

दरबारी पुन्हा रेकॉर्ड केला. धैवत आता आपल्या जागी आहे. मात्र मोठ्या अपेक्षेने त्या विद्यार्थिनीला पाठवला, तर ती म्हणते, "सर, आधीचा जास्त भारदस्त होता."

फरशीला हात लावला नाही. दाराखाली रबरी पट्टी लावली, सत्तर रुपयांत. पाट रंधा यांच्या मापाने केला, बॉल खालच्या पोरांनी सोळाऐवजी अकरा दिले, पाच विकत आणले. भाचा पहिल्या दिवशी म्हणाला, "मामा, सम चुकली तर पाटावर ढकला."

आणि खालचा_मजला यांचं ऐकलं, काकूंकडे गेलो. भाच्याला वर तीनताल वाजवायला सांगितलं, आधी साध्या फरशीवर, मग पाटावर. साध्या फरशीवरची धप् ऐकून मलाच ओशाळल्यासारखं झालं. पाटावर ती अगदी गेली नाही, पण लांब कुठेतरी कुणी उशी झटकतंय इतपत उरली. काकूंनी चहा ठेवला, पोहे केले, आणि मग म्हणाल्या, "तबल्याचं काही नाही हो, रविवारचाच तो. पण रोज पहाटे साडेपाचला ते काय लोखंडी ओढता वर? मी दोन वर्षं म्हणते, यांच्या घरात कुणी आजारी आहे का."

लॅपटॉपचं टेबल. रियाजाला बसण्याआधी मी ते भिंतीपासून ओढून पुढ्यात घेतो. आधी हॉलमध्ये ओढायचो, आता या खोलीत. फरशीवरून चार लोखंडी पाय. मला कधी ऐकूच आलं नाही. त्याच दिवशी पायांना नमद्याचे तुकडे चिकटवले, आणि आता ते उचलूनच ठेवतो. रियाजही सहानंतर.

एकच शंका उरली. पंखा बंद केल्याशिवाय रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते. मार्च संपत आलाय. दार-खिडकी बंद, पंखा बंद, भोवती रॉकवूल आणि कापूस. विलंबित ख्याल पंचवीस मिनिटांचा. काय करू?

कानसेन (रविवार, रात्री 9.40)

जून येईपर्यंत छोटा ख्याल गा.